कोऱ्या कागदावरचे डास

पहाटे साडेपाच वाजता कोलशेतच्या रंगूबाई भोईर यांच्या गोठ्यात प्रभाकर टिपणीस यांनी त्या दिवसातला पहिला डास पकडला. गणपती बसून तीन दिवस झाले होते. वार शनिवार, साल १९५८.

पकडण्याची रीत सोपी आहे. डाव्या हातात टॉर्च, उजव्या हातात काचेची नळी, तिच्या मागे रबरी नळी आणि रबरी नळीचं टोक दातांत. भिंतीवर डास दिसला की काचेचं तोंड त्याच्यावर अलगद टेकवायचं आणि श्वास आत ओढायचा. मध्ये जाळीचा तुकडा असतो, त्यामुळे डास तोंडात जात नाही. फार जोरात ओढलं तर त्याचे पाय मोडतात, आणि मोडक्या पायांचा डास चाचणीला चालत नाही. टिपणीसांना त्या दिवशी धडधाकट डास हवे होते.

टिपणीस मलेरिया खात्यात इन्स्पेक्टर होते. वय त्रेचाळीस, बिऱ्हाड डोंबिवलीला, कचेरी ठाण्याला. शुक्रवारी रात्री ते खोपटला एका सहकाऱ्याकडे झोपले आणि अंधारातच खात्याच्या सायकलवरून निघाले. वाटेत दोनदा चेन पडली. हात अजून काळे होते.

गोठ्यात डास पुष्कळ होते, पण बहुतेक कुबड काढून भिंतीला समांतर बसलेले. ते त्यांनी सोडून दिले. मलेरियाचा डास तिरका बसतो. डोकं भिंतीकडे, मागचा भाग वर, अर्धवट ठोकलेल्या खिळ्यासारखा. तसले तेवढे ते उचलत होते. वाकलं की गुडघे दुखत. म्हैस मान वळवून त्यांच्याकडे बघत होती.

रंगूबाई चरवी घेऊन आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"झाला का तुमचा? मना धार काढायची हाय."

"थांबा जरा. अजून थोडे मिळतील."

"थोडे कशाला? पोतं भरून न्या. आमी काय नाय बोलत नाय." त्यांनी चरवी खाली ठेवली. "पयली पावडर मारायचे तवा ढेकूण सुपानं भरून टाकलं व्हतं मी. यंदा एक तरी मेला का, विचारा गावात. पानी मारलंय त्या गुनाजीनं. पावडर इकून खाल्ली."

"विकताना बघितलंत तुम्ही?"

"ढेकूण बघितलं ना. जित्तं."

गावाची तक्रार हीच होती. कोलशेतमध्ये डास कोणी मोजत नव्हतं. पावडर खरी की खोटी, हे खाटेच्या सुंभातल्या ढेकणांवरून ठरत होतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत फवारणीची तुकडी येणार म्हटलं की बायका आपण होऊन खाटा, गोधड्या, पाळणे अंगणात काढून ठेवत, आणि पंपवाल्यांना चहा मिळे. यंदा ऑगस्टच्या फेरीनंतर ढेकूण मेले नाहीत. सप्टेंबरात गावात तापाची माणसं पडायला लागली. या दोन गोष्टी गावाने जोडल्या आणि त्यातून गुणाजी परब याचं नाव काढलं.

रंगूबाईंची सून शेवंती आत गोधडीखाली होती. एक दिवसाआड हुडहुडी भरत होती. टिपणीसांनी तिच्या बोटातून काचेवर रक्त घेतलं होतं, पण रक्त तपासायची गरज नव्हती. बघून कळत होतं.

टिपणीसांनी टॉर्च गोठ्याच्या भिंतीवरून वर नेला, मग घराच्या ओटीवरून फिरवला. डीडीटी मारलेल्या भिंतीवर पांढुरके डाग राहतात. इथे एकही नव्हता. भिंत शेणाने गुळगुळीत सारवलेली होती, बोटांचे अर्धवर्तुळाकार फराटे ताजे होते.

"हे कधी सारवलंत?"

"गौर येनार ना घरात," रंगूबाई म्हणाल्या. "तिला काय डागांची भिंत दाखवू?"

"सगळ्या गावाने सारवलं?"

"सगले सारवतात. तुमच्यात नाय सारवत?"

डीडीटीवर सारवण चढलं की ती गेली. डास सारवणावर बसतो, खालच्या पावडरीला त्याचे पाय लागत नाहीत. खाली पावडर होती की नुसतं पाणी, हेही आता कोणाला सांगता येणार नव्हतं. गुणाजीच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलू शकणारी एकमेव भिंत गौरीसाठी लिंपून झाली होती. म्हणूनच डास हवे होते.

*

गुणाजी परब फवारणीच्या तुकडीचा मुकादम होता. मूळचा सावंतवाडीकडचा, राहायला ठाकुर्लीला. पाच मोसम त्याने हंगामी काम केलं होतं, जूनमध्ये घ्यायचं, ऑक्टोबरअखेर सोडायचं. यंदा मात्र मलेरिया नियंत्रणाचं नाव बदलून निर्मूलन झालं होतं आणि मुकादमांना कायम करण्याची यादी निघणार होती. त्या यादीत गुणाजीचं नाव होतं. तक्रार आली आणि नाव अडकलं. चौकशी संपेपर्यंत त्याने जिल्हा सोडायचा नाही असं ठरलं, त्यामुळे तो गणपतीला गावी जाऊ शकला नाही. जन्मात पहिल्यांदा.

जिल्ह्याचे मलेरिया अधिकारी डॉक्टर श्रीपाद केळशीकर यांनी आदल्या आठवड्यात टिपणीसांना बोलावून सरळ सांगितलं होतं.

"पुण्याहून चाचणीची पेटी आली आहे. सोमवारी ती नाशिकला पाठवायची आहे. तोवर कोलशेतचा डास तपासा. पावडरीच्या कागदावर डास मेला, तर डास चांगला आहे आणि माणूस वाईट आहे. जगला, तर माणूस निर्दोष."

"आणि सारवण असलं तर?"

"सारवणाला बडतर्फ करता येत नाही, टिपणीस."

पेटीत काचेसारख्या पारदर्शक नळ्या होत्या. काहींत डीडीटी मुरवलेला कागद गुंडाळून बसवायचा, काहींत साधा, कोरा. दोन्हींत एकाच गोठ्यातले डास सोडायचे. तासाभराने त्यांना बाहेर काढून स्वच्छ नळ्यांत ठेवायचं, साखरेच्या पाण्याचा बोळा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मेलेले मोजायचे. कोऱ्या कागदाच्या डासांचं काम एकच, जिवंत राहणं. ते जगले तरच दुसऱ्या नळीतले पावडरीने मेले असं म्हणता येतं. तेच मेले तर सगळंच बाद.

चाचणी कचेरीत करणं शक्य नव्हतं. कचेरीच्या मागच्या खोलीत डीडीटीची पिंपं होती, आणि तिथल्या टेबलाला, खुर्चीला, सदऱ्याच्या बाहीलाही पावडरीचा वास होता. म्हणून शनिवारी सकाळी टिपणीस पेटी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले डास घेऊन दहाच्या गाडीने डोंबिवलीला घरी आले.

त्यांच्या पत्नी सरोज गौरीच्या साड्यांना इस्त्री करत होत्या. त्यांनी नळ्यांकडे बघितलं आणि इस्त्री बाजूला ठेवली.

"अहो, हे काय आणलंत?"

"डास."

"घरात कमी होते?"

"हे वेगळे आहेत. उद्या दुपारपर्यंत ठेवायचेत. ओलाव्याची जागा हवी. घडवंचीखाली ठेवतो."

"पिण्याच्या पाण्याखाली?"

"बंद नळ्या आहेत, सरोज."

"आणि हा कापूस कसला?"

"साखरेच्या पाण्याचा. त्यांना खायला."

सरोजबाई इस्त्रीकडे वळल्या. "म्हणजे सरकार तुम्हाला डास मारायचा पगार देतं आणि तुम्ही घरी आणून त्यांना सरबत पाजता."

टिपणीस हसले नाहीत. त्यांना झोप आली होती. "हे बघ, एवढंच लक्षात ठेव. घरात पावडर टाकायची नाही, पिचकारीचं औषध मारायचं नाही, रॉकेलने फरशी पुसायची नाही. उद्या दुपारपर्यंत."

"गणपतीत फरशी रॉकेलने कोण पुसतं?"

धूप त्यांनी सांगितला नाही. धूप औषधात मोडतो हे त्यांच्या मनातच आलं नाही. घरात धूप म्हणजे देवापुढचा.

दुपारी बारा ते एक डास कागदावर होते. एकला त्यांनी ते स्वच्छ नळ्यांत घेतले, दोन्हींत वीस-वीस, आणि घडवंचीखाली ओल्या पंच्यावर ठेवले. मग जेवले, झोपले. चार वाजता उठून पुन्हा बघितलं. कोऱ्या कागदाच्या नळीतले सगळे उभे होते. पावडरीच्या कागदावरून काढलेल्यांपैकी सहा आडवे होते. बाकीचे चौदा नळीच्या भिंतीला तिरके बसले होते, सकाळी गोठ्यात बसले होते तसेच.

टिपणीस तिथेच उकिडवे बसून राहिले. अकरा वर्षं ते या डासाला मरताना बघत होते. पहिल्या वर्षांत सकाळी फवारलेल्या घरात संध्याकाळी केरसुणी फिरवली की डास भुशासारखे निघत. तासभर त्या कागदावर उभा राहिलेला डास तीन तासांनी असा बसलेला त्यांनी कधी बघितला नव्हता.

"काय झालं?" सरोजबाईंनी विचारलं.

"काही नाही. उद्या एकला मोजायचे."

*

चाळीत आरत्या खालच्या मजल्यापासून सुरू होत. एक घर आटोपलं की सगळी मंडळी टाळ घेऊन पुढच्या घरी. टिपणीसांचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर शेवटचं होतं. संध्याकाळी सात वाजता ते खाली पहिल्या आरतीला गेले. सरोजबाई नैवेद्याच्या गडबडीत होत्या.

त्याच वेळी गुणाजी आला. धुतलेला सदरा, हातात जास्वंदीची फुलं आणि कागदाची पुडी.

"वहिनी, देवाच्या पाया पडायला आलेलो. साहेब आहेत?"

"खाली आरतीला गेलेत. या ना, बसा. येतीलच."

गुणाजी बसला नाही. गणपतीसमोर उभा राहिला आणि बराच वेळ हात जोडून होता. मग त्याने वळून हळूच विचारलं, "ते डास इथंच आहेत म्हणे?"

"स्वयंपाकघरात. घडवंचीखाली."

"बघत नाय मी. मी बघायचं नाय, साहेबांनी सांगितलंय. फक्त विचारलं. कसे आहेत?"

"कसे म्हणजे? डासच ते. साखरपाणी पितायत."

गुणाजीच्या चेहऱ्यावर हसू आलं. "जगूदेत बिचारे. जन्मभर मारले, वहिनी, पंप खांद्यावर घेऊन. आता देवाला सांगायला आलोय, एवढे जगव. एवढे चाळीस जगले की मी जगलो." सगळे चाळीस जगायला हवे होते असं नाही, पण त्याला चाचणी तेवढीच समजली होती.

त्याने पुडी उघडली. आत धूप होता, गावाकडून आईने पाठवलेला, राळ आणि उदाचे खडे कालवलेला. "गावी गणपतीला धुपाचं काम माझं असतं. माझ्या आज्यापासून आमच्याकडं. यंदा हात रिकामे राहिले. थोडे निखारे मिळतील?"

शेगडी पेटलेली होती. सरोजबाईंनी धुपाटण्यात निखारे घालून दिले आणि त्या पुन्हा मोदकांकडे वळल्या. देवापुढे धूप घालायला मागणाऱ्याला त्या काय म्हणणार होत्या?

गुणाजीने गावच्यासारखाच धूप घातला. गावी माजघर मोठं, छप्पर कौलारू, धूर कौलांतून निघून जातो. इथे दोन खोल्या होत्या आणि दिव्याला वारा लागू नये म्हणून खिडक्या लावलेल्या होत्या. त्याने ओंजळभर धूप घातला, गणपतीला दाखवला, मग घरभर फिरवला, कोपऱ्याकोपऱ्यात, दाराच्या मागे, आणि रीत म्हणून शेगडीलाही दाखवला. घडवंचीकडे त्याने मुद्दाम बघितलं नाही.

आरतीची मंडळी जिन्यावर आली तेव्हा टिपणीस सगळ्यांत मागे होते. वास त्यांना अर्ध्या जिन्यातच आला. त्यांनी माणसांना बाजूला सारलं, चपला न काढता आत गेले. कोणीतरी म्हणालं, "अहो, चपला!" त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली, नळ्या उचलल्या आणि बाहेरच्या गॅलरीत धरून उभे राहिले.

आत आरती सुरू झाली. सगळ्यांत मोठा आवाज गुणाजीचा होता.

*

रविवारी दुपारी एक वाजता टिपणीसांनी मोजलं. पावडरीच्या नळीत अठरा मेले होते. कोऱ्या कागदाच्या नळीत सतरा.

गुणाजी दीडच्या सुमाराला आला. या वेळी तो दारातच थांबला.

"मेले की जगले, साहेब?"

"आत ये. बस."

"बसतो. आधी सांगा."

"मेले. दोन्हीकडचे."

गुणाजी खाली बसला. "म्हणजे मी पाणी मारलं."

"नाही. तसंही नाही." टिपणीसांनी त्याला कोऱ्या कागदाचं समजावून सांगितलं, जितकं सोपं करता आलं तितकं. ज्यांना काहीच लावलं नव्हतं तेही मेले, म्हणजे मारणारं काहीतरी तिसरंच होतं. म्हणून पावडरीबद्दल काही म्हणता येत नाही. चाचणी बाद.

"तिसरं काय?"

"धूर," टिपणीस म्हणाले.

"माझा?"

"धूर म्हणजे धूर, गुणाजी. आरतीचा कापूर होता, उदबत्त्या होत्या."

"कापराआधीच तुम्ही नळ्या बाहेर नेल्यात. मी बघितलं." तो जमिनीकडे बघत होता. "ओंजळभर घातला मी. म्हटलं देवाकडं काय मागायचं तर हात आखडता कशाला घ्या." मग "अरे देवा," एवढंच म्हणाला आणि हसला, पण ते हसू लगेच गेलं.

सरोजबाईंनी चहा आणून ठेवला. "मी निखारे दिले," त्या म्हणाल्या. "मला यांनी रॉकेल सांगितलं, पिचकारी सांगितली. धूप नाही सांगितला."

"नाही सांगितला," टिपणीस म्हणाले.

गुणाजीने चहा घेतला नाही. "साहेब, शनिवारी चार वाजता तुम्ही बघितलेत ना? तेव्हा धूर नव्हता."

"बघितले."

"तेव्हा?"

"बरेच उभे होते."

"पावडरीवरचे?"

"पावडरीवरचे."

"मग तेवढं लिहा की. खोटं थोडंच आहे? चार वाजता उभे होते, असं लिहा."

"ते लिहीन. पण ते धरत नाहीत. पावडरीचा डास रात्रीतही मरतो, पहाटेही मरतो. म्हणून पूर्ण दिवस थांबायचं. नियम त्यासाठीच आहे."

"आणि कोऱ्या कागदाचे जगले असं लिहिलं तर?"

सरोजबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. टिपणीसांनी नळ्या पेटीत ठेवायला सुरुवात केली होती, ते हात थांबले नाहीत.

"तसं लिहिलं तर उद्या कोलशेतला, कळव्याला, सगळीकडे पावडर चालत नाही असं होईल. आणि चालत असेल तर? तिथे ती रंगूबाईची सून तापाने पडली आहे."

"आणि चालत नसेल तर?"

"तर मला परत चाचणी करावी लागेल."

गुणाजी उठला. "आमच्या ठाकुर्लीच्या चाळीत पण ढेकूण मरत नायत, साहेब," तो चपला घालता घालता म्हणाला. "तिथं मी पंप घेऊन गेलेलो नाय कधी. एवढं तरी कुठं लिहिता येतं का बघा."

टिपणीसांनी ते लिहिलं. शेवटच्या परिच्छेदात.

*

सोमवारी डॉक्टर केळशीकरांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढला.

"टिपणीस, पुण्याला काय कळवू? गणपतीच्या धुपाने डास मेले?"

"चाचणी बाद, एवढंच कळवा, साहेब."

"पुणेकर म्हणतील, मग पावडर कशाला, धूपच मारा गावोगाव. स्वस्त पडेल आणि लोक सारवणारही नाहीत." ते स्वतःच हसले, मग गंभीर झाले. "तुमचं मत काय? खरं सांगा. जगला असता?"

"माहीत नाही."

"चार वाजताचं तुम्ही लिहिलंय."

"बघितलं ते लिहिलंय. मत लिहिलेलं नाही."

"पेटी परत मागवू. तोवर मुकादमाचं प्रकरण राखून ठेवतो. नाही काढत, नाही घेत. आणखी काय करू?"

पेटी दुपारी नाशिकला गेली. नाशिकहून सुरतेला गेली, तिथून आणखी कुठे. टिपणीसांनी नोव्हेंबरात पत्र पाठवलं, जानेवारीत पुन्हा. दोन्ही वेळा उत्तर आलं की मागणी नोंदवली आहे. जानेवारीअखेर कायम मुकादमांची यादी निघाली. गुणाजीच्या नावापुढे 'निर्णय राखून' असा शेरा होता. ऑक्टोबरात त्याचं हंगामी काम संपलं होतं आणि तो ठाकुर्लीच्या वीजघराकडे कोळसा उतरवायला जात होता. डोंबिवलीच्या बाजारात तो एकदा सरोजबाईंना भेटला. त्याने डासांचं काहीच विचारलं नाही. आई आजारी आहे, म्हणाला.

शेवंतीचा ताप गोळ्यांनी गेला, फेब्रुवारीत परत आला, परत गेला.

मार्चमध्ये वरून आदेश आला की खाडीकाठच्या गावांत पावसाळ्यापासून डीडीटीऐवजी दुसरी पावडर मारायची. कारण दिलेलं नव्हतं. टिपणीसांनी डॉक्टर केळशीकरांना विचारलं, याचा अर्थ डीडीटी चालत नाही असं वर धरलं आहे का.

"अर्थ काढू नका. पावडर आली आहे, मारायची आहे."

"मग परबचं प्रकरण?"

"ते चाचणीवर ठेवलंय ना आपण. चाचणी झाली की बघू."

"नवी पावडर मारल्यावर जुन्या पावडरीची चाचणी कशी करायची? भिंतीवरून वाचलेले डास मग वेगळे असतील."

"त्याआधी करा," डॉक्टर म्हणाले. "पेटी आली तर."

पेटी जून १९५९ च्या पहिल्या आठवड्यात आली, एक नळी फुटलेली. नव्या पावडरीची तुकडी सोमवारी कोलशेतला जाणार होती.

शनिवारी पहाटे टिपणीस रंगूबाईंच्या गोठ्यात होते. पाऊस अजून आला नव्हता, डबकी कोरडी होती, डास कमी. तिरके बसलेले उजाडेपर्यंत नऊ मिळाले. रंगूबाई चरवी घेऊन उभ्या होत्या.

"आता कंची पावडर?" त्यांनी विचारलं.

"दुसरी आहे."

"हिनं ढेकूण मरंल का?"

"माहीत नाही, रंगूबाई. या वेळी भिंत सारवू नका, एवढं करा."

"दिवालीपर्यंत नाय सारवत," रंगूबाई म्हणाल्या. "पन गौरीला सारवनार."

मग त्यांनी चरवी खाली ठेवली आणि शेजारच्या गुरांच्या वाड्याकडे बोट दाखवलं. "तितं बगा. तितं जास्ती असतात. गुनाजी पन तितंच आधी जायाचा."

रविवारी पहाटे टिपणीस पुन्हा गेले. दोन दिवसांचे मिळून सव्वीस झाले. अहवालात संख्या कमी म्हणून शेरा येईल, हे त्यांना माहीत होतं. तेरा एका नळीत, तेरा दुसऱ्या नळीत, दुपारी बारा ते एक कागदावर, एकला स्वच्छ नळ्यांत, घडवंचीखाली, ओल्या पंच्यावर. सरोजबाईंनी सकाळपासून देवाजवळ उदबत्तीही लावली नव्हती. शेजारणीला सांगितलं होतं की आज घरात सोयर आहे. त्याशिवाय तिने विचारायचं थांबवलं नसतं.

तीन वाजता खालून हाक आली. गुणाजी रस्त्यावर उभा होता, अंगावर कोळशाने माखलेला सदरा.

"वर ये," टिपणीस गॅलरीतून म्हणाले.

"नको, साहेब. बिडी ओढलीय मी आत्ताच. अंगाला वास आहे." तो दोन पावलं आणखी मागे सरला. "वीजघरावर कोणीतरी म्हणालं, पेटी आली. कधी मोजणार?"

"उद्या दुपारी एकला."

"आता कसे आहेत?"

"आता सांगून उपयोग नाही."

"बरं," गुणाजी म्हणाला. तो ठाकुर्लीच्या वाटेने निघून गेला.

चार वाजता टिपणीसांनी नळ्या बघितल्या. कोऱ्या कागदाचे तेराही उभे होते. पावडरीच्या कागदावरचे काही उभे होते, काही आडवे. किती, ते त्यांनी मोजलं नाही. त्यांनी पंचा पुन्हा ओला केला आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. नवी पावडर घेऊन तुकडी उद्या सकाळी सातला कोलशेतला पोचते. मोजणी दुपारी एकला आहे.